आवडीचे गीत आणि श्रद्धेची मोजपट्टी

सन २०२५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील ख्रिस्ती संगीताच्या चाहत्यांमध्ये एका पाठदुखीने बरीच चर्चा घडवून आणली. फॉरेस्ट फ्रँक हे तरुण गायक स्केटबोर्डवरून पडले, त्यांच्या मणक्याला दुखापत झाली आणि अंथरुणावर पडल्या पडल्याच त्यांनी एक गीत रचून प्रसिद्ध केले. देव आपल्या पाठीशी आहे, हा त्या गीताचा आशय. इंग्रजीतील हा श्लेष मराठीतही जसाच्या तसा साधतो, ही गंमतच म्हणायची. लवकरच कोरी अ‍ॅसबरी या दुसऱ्या नामवंत गायकाने या साऱ्या प्रकाराचे विडंबन करणारी चित्रफीत काढली. कुणाला ती निखळ थट्टा वाटली, तर कुणाला जखमेवर चोळलेले मीठ. पुढे या दोघा गायकांनीच मिळून एक गीत गायिले आणि भांडणाऱ्यांच्या हाती फारसे काही उरले नाही.

प्रकरण तसे किरकोळ आहे. युद्धे, निर्वासित आणि महागाई यांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरलेली असताना दोन गायकांच्या चेष्टामस्करीची दखल आम्ही का घ्यावी, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की, हे गायक आता दूरदेशीचे राहिलेले नाहीत. फ्रँक यांचे एक गीत आणि ब्रँडन लेक यांचे एक गीत २०२५ साली अमेरिकेतील सर्वसाधारण लोकप्रिय गीतांच्या पहिल्या शंभरांत जाऊन बसले. तीच गीते आपल्या मुलामुलींच्या भ्रमणध्वनींत आहेत आणि त्यांतील काही रविवारच्या इंग्रजी मिस्सात गिटारच्या साथीने कानावरही पडतात. कोणते गीत आवडावे, कोणते गावे आणि कोणत्या गीताला ख्रिस्ती म्हणावे, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. चाहत्यांच्या गप्पांत त्यांची सरमिसळ होते. तेथवर फारसे बिघडत नाही. मात्र तीच सरमिसळ गायनवृंदाच्या बैठकीत होऊ लागली की धर्मग्रामाला तिचे परिणाम भोगावे लागतात.

ख्रिस्ती संगीताच्या चाहत्यांचा वाद अर्धशतकाहून जुना आहे. १९६९ साली लॅरी नॉर्मन यांनी 'अपॉन धिस रॉक' ही ध्वनिमुद्रिका काढली. रॉक संगीताच्या ठेक्यावर येशूचे नाव घेणारी ही आरंभीची ध्वनिमुद्रिका. लांब केसांच्या या गायकाचा सवाल साधा होता : चांगले संगीत सैतानाच्या स्वाधीन का करायचे? अनेक पाळकांना तो सवालच उद्धट वाटला. पुढे १९८० च्या दशकात 'स्ट्रायपर' या नावाचा एक संच पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे अंगरखे घालून कर्कश हेवी मेटल संगीत वाजवू लागला आणि कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांमध्ये नव्या कराराच्या प्रती भिरकावू लागला. दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी अशा संगीतावर कडाडून टीका केली, तर हजारो तरुणांनी त्याच संगीताच्या नादाने बायबल उघडले. बायबल भिरकावणे आम्हांला रुचत नाही, हे येथेच सांगून टाकतो. परंतु ज्याने ते झेलले आणि घरी नेऊन वाचले, त्याला आम्ही काय सांगणार?

एमी ग्रँट यांची कथा अधिक बोलकी आहे. १९९१ साली त्यांचे 'बेबी बेबी' हे गीत अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्या गीतात देवाचे नाव नव्हते, प्रीतीची भाषा होती. मग काय, 'एमी जगाच्या वाटेला लागली' असा गिल्ला झाला. वस्तुतः ते गीत त्यांना सुचले होते आपल्या तान्ह्या लेकीकडे पाहून. आई आपल्या बाळाला पाहून हरखली, तर त्यात अख्रिस्ती ते काय? आपल्याकडची कोणतीही माउली पाळण्याला झोका देताना जे गुणगुणते, त्यावर कुणी श्रद्धेचा दाखला मागत नाही. २०२२ साली याच एमी ग्रँट यांना केनेडी केंद्राचा मोठा सन्मान मिळाला आणि समकालीन ख्रिस्ती संगीताच्या क्षेत्रातून तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कलावंत ठरल्या. तोवर त्यांच्या टीकाकारांची नावेही बहुतेकांच्या स्मरणातून गेली होती.

या साऱ्या वादांत आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो एका विशेषणाचा वाद. वर उल्लेखिलेल्या अ‍ॅसबरी यांचे 'रेकलेस लव्ह' हे गीत २०१७ च्या अखेरीस आले आणि पाहता पाहता जगभरच्या मंदिरांत पोहोचले. देवाची प्रीती 'रेकलेस' आहे, असे ते गीत म्हणते. चाहते हरखले आणि ईशज्ञानाचे अभ्यासक अस्वस्थ झाले. मागचापुढचा विचार न करणे, परिणामांची पर्वा नसणे, हा त्या इंग्रजी शब्दाचा रूढ अर्थ. भरधाव मोटार हाकणाऱ्याला लावायचे विशेषण सर्वज्ञ परमेश्वराला कसे लावता येईल? देव अविचारी आहे काय? अ‍ॅसबरी यांनी खुलासा केला की, देव अविचारी आहे असे आपले म्हणणे नाही. तो ज्या रीतीने प्रीती करतो, ती रीत माणसाच्या व्यवहारी नजरेला तशी दिसते. कित्येकांचे समाधान झाले, कित्येकांचे नाही. काही मंडळ्यांनी तो एक शब्द बदलून गीत गायिले. काहींनी गीतच वर्ज्य केले.

हा वाद मराठीत आणून पाहावा. 'रेकलेस' या शब्दासाठी आपण काय म्हणू? 'अविचारी' म्हटले तर तो दोषच झाला. 'बेफिकीर' म्हटले तर जिव्हाळाच संपला, कारण ज्याला फिकीर नाही तो शोधायला निघेलच कशाला? 'बेपर्वा' हा शब्द थोडा जवळ येतो, पण त्यात मग्रुरीचा वास आहे. आम्हांला सुचतो तो शब्द 'बेहिशेबी'. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे रानात सोडून एका मेंढरामागे जातो. कोणताही व्यवहारी धनगर असे करणार नाही. त्याच अध्यायातील धाकट्या मुलाला आपण परंपरेने 'उधळ्या पुत्र' म्हणतो. परंतु कथा नीट वाचली तर खरा उधळ्या बापच ठरतो. अंगरखा, अंगठी, पायतण, पुष्ट वासरू, सारे काही तो एका दिवसात उधळतो आणि हिशेब मागणारा थोरला मुलगा दाराबाहेर रुसून बसतो. बेथानीच्या मरियेने मोलाचे सुगंधी तेल येशूच्या चरणांवर ओतले, तेव्हा त्याची किंमत तीनशे दीनार आहे हे चटकन सांगितले ते यहूदाने. ज्याची आकडेमोड बिनचूक होती, त्याच्याच हातून मोठा अनर्थ घडला.

म्हणजे गीतकाराचा शब्द सैल असला, तरी त्याचे बोट योग्य जागी पडले होते आणि टीकाकारांचा आक्षेपही निराधार नव्हता. एका लोकप्रिय गीतामुळे सामान्य प्रापंचिक माणसे देवाच्या गुणांविषयी वाद घालू लागली, हे आम्हांला शुभलक्षण वाटते. गीताचे बोल कुणाच्याच ध्यानी नसावेत आणि सगळ्यांनी नुसत्या टाळ्या वाजवाव्यात, त्यापेक्षा असा वाद केव्हाही चांगला.

चाहत्यांच्या परस्परांतील थट्टेविषयीही आमचे मत प्रतिकूल नाही. एकाला ऑर्गनशिवाय भक्ती सुचत नाही, दुसऱ्याला ड्रमच्या ठोक्याशिवाय जाग येत नाही. पहिल्याने दुसऱ्याच्या संगीताला 'डबे वाजवणे' म्हणावे आणि दुसऱ्याने पहिल्याच्या संगीताला 'अंत्यविधीचे सूर' म्हणावे, यात स्नेह असला तर घरातल्या भावंडांची गोडी आहे. थट्टा ही आवडीला आपल्या जागी ठेवते. माझी आवड हा केवळ माझा कल आहे, तो सिनाय पर्वतावरून पाटीवर कोरून आलेला नाही, याची आठवण ती करून देते. ज्याला आपल्या आवडत्या गायकावरचा विनोद सोसत नाही, त्याच्या मनात आवडीचे रूपांतर पंथात होऊ लागले आहे, असे समजावे. करिंथ येथील मंडळीत 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा' असे तट पडले होते. संत पौलाने त्यांना आधी जो प्रश्न विचारला, तो अपुल्लोसाच्या वक्तृत्वाविषयी नव्हता. ख्रिस्ताचे असे तुकडे झाले आहेत काय, हा होता.

येथवर सारे माणसामाणसांतले आहे. परंतु 'ही माझी आवड' असे आपण छातीवर हात ठेवून म्हणतो, ती आवड खरोखर आपली असते काय? अमेरिकेतील काही अभ्यासकांनी २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० ते २०२० या काळात मंडळ्यांतून सर्वाधिक गायिल्या गेलेल्या गीतांच्या प्रमुख याद्यांत नव्याने शिरलेली ३८ गीते त्यांनी तपासली. त्यांपैकी ३६ गीतांचे धागेदोरे अवघ्या चार महामंडळ्यांशी जुळले : ऑस्ट्रेलियातील हिलसाँग, कॅलिफोर्नियातील बेथेल, नॉर्थ कॅरोलायनातील एलेव्हेशन आणि अटलांटा येथील पॅशन. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या परंपरांत वाढलेल्या लक्षावधी ख्रिस्ती माणसांना एकाच वेळी तीच गीते 'आपसूक' आवडू लागतात, यात पवित्र आत्म्याचे कार्य असू शकते. ध्वनिमुद्रणाचा, प्रसिद्धीचा आणि परवाना शुल्काचा मोठा व्यवहारही त्यात आहे. या गीतांत चांगले काही नाही, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, बाजारात एकाच वाणाचे तांदूळ आले की काही वर्षांनी तीच चव आपल्याला भाताची चव वाटू लागते. वसईच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात तर याच्याही पुढचे पाऊल पडले. 'सॉलोमन रे' या नावाच्या गायकाचा गीतसंच अमेरिकेत आयट्यून्सच्या ख्रिस्ती संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. आवाज भरदार, दक्षिणेकडील कृष्णवर्णीय मंदिरांत घुमणाऱ्या गॉस्पेल गायनाच्या धाटणीचा. परंतु असा गायक अस्तित्वातच नव्हता. मिसिसिपी राज्यातील एका संगीतकाराने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तो आवाज आणि तो चेहरा घडविला होता. योगायोग असा की, याच नावाचा एक हाडामांसाचा उपासना-गायकही आहे आणि त्याला फुकटचा मनस्ताप झाला. साधन कोणतेही असो, संदेश देवाचा असला म्हणजे झाले, असा बचाव पुढे आला. त्यावर फॉरेस्ट फ्रँक यांनी आक्षेप घेतला की, यंत्राच्या ठायी पवित्र आत्मा नसतो. ज्याच्यात आत्माच नाही, त्याच्यापुढे आपला आत्मा मोकळा करणे त्यांना विचित्र वाटते.

हा आक्षेप आम्हांला पूर्णपणे पटतो असे नाही. ऑर्गनच्या नळीतही पवित्र आत्मा नसतो आणि छापील गीतपुस्तकातही नसतो. परंतु ऑर्गनच्या पट्ट्यांवर कुणाची तरी बोटे असतात आणि गीतपुस्तकातील ओळी कुणीतरी कधीतरी दुःखात किंवा आनंदात लिहिलेल्या असतात. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी 'अँटिक्वा एट नोव्हा' हे कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे टिपण प्रसिद्ध केले. यंत्राला माणूस म्हणून सादर करणे नेहमीच टाळावे आणि फसवणुकीच्या हेतूने तसे करणे हा गंभीर नैतिक अपराध आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ख्रिस्ती गीताच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते, कारण ते गीत म्हणजे बहुधा साक्ष असते. 'मी पडलो आणि प्रभूने मला उचलले' असे गाणारा कधी पडलाच नसेल, पडणे त्याला शक्यच नसेल, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतील पाणी कोणत्या विश्वासावर आले? अ‍ॅसबरी यांनी फ्रँक यांची थट्टा केली, ती कुणाला लागली, पुढे दोघे एका गीतासाठी एकत्र उभे राहिले. सॉलोमन रे याची थट्टा करता येत नाही, त्याच्यावर रुसता येत नाही, त्याला क्षमाही करता येत नाही.

संगीताच्या मोहिनीबद्दल सावध असणारे आपण पहिले नव्हेत. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' ग्रंथाच्या दहाव्या भागात कबुली दिली आहे की, मिलान येथील मंदिरात स्तोत्रे ऐकून आपले अश्रू वाहिले. परंतु जेव्हा गायिलेल्या आशयापेक्षा गायनच मनाला अधिक हलवते, तेव्हा आपल्या हातून दोष घडतो, असे त्यांना वाटे. तरीही त्यांनी मंदिरातील गायन बंद करण्याचा सल्ला दिला नाही. तो मोह आणि तो लाभ, दोन्ही त्यांनी शेजारी शेजारी ठेवले.

कॅथोलिक ख्रिस्तसभेने या प्रश्नाची मांडणी फार पूर्वीच करून ठेवली आहे, फक्त आपण ती वाचत नाही. प्रवासात, स्वयंपाकघरात, व्यायाम करताना कोणते गीत ऐकावे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि विवेकाचा भाग. मिस्सातील गीत मात्र आवडीचे नसते. ते उपासनेचे अंग असते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक संविधानाचा सहावा अध्याय संगीतावर आहे. ग्रेगोरियन गायनाला त्यात मानाचे स्थान दिलेले आहे, लोकांच्या भक्तिगीतांना उत्तेजन देण्यास सांगितले आहे आणि ११९ व्या कलमात मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान द्यावा, असे म्हटले आहे. गीतांचे शब्द कॅथोलिक शिकवणुकीशी सुसंगत असावेत आणि ते मुख्यतः पवित्र शास्त्र व उपासनेच्या स्रोतांतून घ्यावेत, असे १२१ वे कलम सांगते. म्हणजे मोजपट्टी आहे ती शब्दांना. गिटार की ऑर्गन, हा प्रश्न त्यानंतरचा.

अमेरिकेच्या महागुरूंच्या सिद्धान्तविषयक समितीने २०२० साली स्तोत्रांचे शब्द तपासण्यासाठी एक मार्गदर्शिका काढली, तेव्हा तिच्या तडाख्यात सापडली ती प्रामुख्याने वर्षानुवर्षे मिस्सात गायिली जाणारी, सर्वांच्या ओठांवरची गीते. काहींत पवित्र मिस्साविषयीची शिकवण अपुरी आढळली, जणू तेथे केवळ भाकर आणि द्राक्षारसाचे सहभोजन चालते. 'लॉर्ड ऑफ द डान्स' हे गीत तर आपल्याकडेही कित्येकांना तोंडपाठ आहे. प्रभूच्या मरणाचा दोष सबंध यहुदी लोकांवर ढकलला जाईल अशी त्यातील मांडणी आहे, यावर समितीने बोट ठेवले. त्याची चाल इतकी खेळकर आहे की शब्दांकडे आपले लक्षच गेले नव्हते. नव्या गीतांकडे संशयाने पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे : जुने आणि सवयीचे म्हणून गीत निर्दोष ठरत नाही.

११९ वे कलम वाचताना आम्हांला दोन माणसे आठवतात. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्यांनी मराठीत आणि ओवी छंदात लिहिला, कारण येथील नवख्रिस्ती माणसाच्या कानाला ती लय परिचित होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनांतून येशूला मराठी अंगणात आणले आणि ती भजने आपण कॅथोलिकांनीही आनंदाने आपलीशी केली. या दोघांनी परिचित लय पत्करली, पण शब्दांच्या बाबतीत सवलत घेतली नाही. आज एखाद्या युवकाने 'रेकलेस लव्ह' ऐकून त्याच कळकळीने 'बेहिशेबी' प्रीतीवर मराठीत चार कडवी रचली, तर चार महामंडळ्यांच्या तयार मालापेक्षा ती आम्हांला अधिक मोलाची वाटतील, मग त्याची चाल थोडी लंगडी असली तरी चालेल.

तोवर आपल्या गायनवृंदांनी एक साधी गोष्ट करून पाहावी. नवे गीत निवडताना ते आधी ऐकू नये. त्याचे शब्द कागदावर उतरवून घ्यावेत, बैठकीत एकाने ते चालीशिवाय, प्रार्थना म्हणतो तसे सावकाश वाचावेत आणि धर्मगुरू, शिक्षिका, ड्रम वाजवणारा मुलगा आणि पहिल्या बाकावर बसणाऱ्या आजीबाई, अशा सर्वांनी ते ऐकावे. मग चाल लावावी. या वाचनात जे गीत टिकणार नाही, ते घरी ऐकण्यास आमची काहीही हरकत नाही.